पारा १० वर, गाडीवर मात्र ६: थंडीत दुचाकीवर नेमकं काय होतं?

डिसेंबर अर्धा सरला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत दोन गोष्टी हमखास येतात. सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घातल्याचा फोटो, आणि ‘पारा १० अंशांवर, पुणेकर गारठले’ ही बातमी. दिल्लीहून इथे नोकरीला आलेला सहकारी ती वाचून हसतो. दहा अंशांना कुणी थंडी म्हणतं का? बाल्कनीत चहा घेताना त्याचं म्हणणं आपल्यालाही पटतं. पण तोच सहकारी सकाळी साडेसहाला वारज्याहून हिंजवडीकडे गाडी काढतो, आणि चांदणी चौक येईपर्यंत क्लचवरची बोटं त्याला स्वतःची वाटेनाशी होतात.

बातमीतला आकडा बरोबरच असतो, फक्त तो गाडीवर बसलेल्या माणसासाठी मोजलेला नसतो.

ते १० अंश कुठले?

हवामान खात्याचा तापमापक झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर टांगलेला असतो. ऊन नको, पाऊस नको, थेट वारा नको, अशी त्याची बडदास्त असते. त्याला फक्त हवेचं तापमान सांगायचं असतं, आणि ते काम तो चोख करतो. पुण्याचा म्हणून जो आकडा छापून येतो तो बहुतेक वेळा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून जुने पुणेकर त्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात.

पण हिवाळ्याच्या पहाटे अख्ख्या पुण्याचा मिळून एक आकडा नसतोच. पाषाण, हवेली, एनडीए या लष्करी प्रबोधिनीचा परिसर एकीकडे आणि मगरपट्टा, वडगाव शेरी, कोरेगाव पार्क दुसरीकडे, यांच्यात चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर वर सोडून देते. मोकळी माती आणि शेतं लवकर गार होतात. काँक्रीट आणि डांबर मात्र उष्णता धरून ठेवतं. त्यात गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. नदीपात्रातल्या रस्त्यावर गाडी उतरवली की एकदम अंगावर काटा येतो, किंवा पाषाण तलावाजवळ हवा अचानक बदलल्यासारखी वाटते, ती यामुळेच. वारा पडलेल्या एखाद्या पहाटे सिंहगडाच्या माथ्यापेक्षा पायथ्याच्या डोणज्यात जास्त गारठा असू शकतो. गडावर चढू तशी थंडी वाढेल या हिशेबाने पायथ्यापर्यंत साध्या शर्टात येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दिवसातलं सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्योदयाच्या आसपास असतं. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे चाकण-रांजणगावची पहिली पाळी, कॉलेजचं सातचं लेक्चर, दूधवाले, पेपरवाले, शाळेत मुलं सोडणारे पालक, हे सगळे बरोबर त्याच वेळी रस्त्यावर असतात. दुपारी मात्र पारा तिशीच्या जवळ जातो. खरी मेख इथे आहे. पुणेकर दुपारचा विचार करून कपडे घालतो आणि पहाटे बाहेर पडतो.

वारा आपल्याकडून काय नेतो?

कढत चहा बशीत ओतून आपण त्यावर फुंकर मारतो. फुंकर काही बर्फासारखी गार नसते. चहावर तरंगणारा गरम हवेचा आणि वाफेचा थर ती बाजूला सारते आणि त्या जागी नवी, कमी गरम हवा आणून ठेवते. तिलाही चहा तापवतो, पुढची फुंकर तीही नेते.

आपल्या त्वचेभोवतीही असाच ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. माणूस स्तब्ध उभा असला की तो थर टिकतो आणि शरीराची उष्णता सावकाश बाहेर जाते. वारा आला की थर उडून जातो, शरीर नवा तयार करायला लागतं, तोही उडतो. या हिशेबाने उघड्या त्वचेला जी थंडी वाजते, तिला अंशांत मांडण्याच्या पद्धतीला ‘विंड चिल’ म्हणतात. या लेखापुरतं आपण त्याला जाणवणारं तापमान म्हणू.

ही कल्पना आली अंटार्क्टिकावरून. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी तिथे प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं, आणि किती वाऱ्यात ते किती वेळात गोठतं याच्या नोंदी घेतल्या. १९४५ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. पण माणूस म्हणजे नळकांडं नव्हे. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने माणसांच्या चेहऱ्यावर चाचण्या घेऊन नवं सूत्र बसवलं. तेच आज वापरात आहे आणि ते १० अंश किंवा त्याखालच्या हवेला लागू होतं. पुण्याच्या थंडीच्या दिवसांना ते जेमतेम बसतं.

त्या सूत्रात १० अंश आणि वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटर टाकला तर उत्तर येतं सव्वासात. ताशी ४० ला ६. ताशी ६० ला ५. पारा ८ वर असेल तर ताशी ६० ला जेमतेम सव्वादोन. हवा स्थिर असली तरी गाडी ४० ने चालली की चालवणाऱ्यासाठी तो ४० चाच वारा, आणि समोरून वारा वाहत असेल तर त्याची भर वेगळी.

यात एक बारकावा आहे. सूत्रातला वारा दहा मीटर उंचीवर मोजलेला धरतात. माणसाच्या तोंडापाशी तो त्याच्या दोन तृतीयांशच असतो, हा हिशेब सूत्रात आधीच केलेला आहे. गाडीवर मात्र सगळा वारा थेट तोंडावर येतो. म्हणून गाडी ४० ने चालवताना सूत्रातली ६० ची ओळ वाचणं जास्त रास्त. शीर्षकातले ६ अंश त्यामुळे जरा नरमाईनेच घेतलेत, खरं तर ५ म्हणायला हवं.

म्हणजे तोंड गोठणार का?

नाही. वारा त्वचेची उष्णता वेगाने नेतो, पण हवेपेक्षा गार करू शकत नाही. हवा १० अंश असेल तर तुमचं नाक १० च्या खाली जाणार नाही, मग गाडी शंभरने पळवली तरी. लडाखमध्ये बोटं काळीनिळी पडतात तसला हिमदंश व्हायला हवा शून्याच्या खाली जावी लागते. पुण्यातला आजवरचा नीचांक १.७ अंशांचा आहे, १७ जानेवारी १९३५ चा. तोसुद्धा शून्याच्या वरच.

‘जाणवणारं तापमान ५ अंश’ याचा अर्थ इतकाच की स्थिर हवेत ५ अंशांना अंगातली उष्णता ज्या वेगाने गेली असती, त्या वेगाने ती आत्ता जातेय.

हळू चालवलं तर?

थोडा फरक पडतो, पण वाटतो तेवढा नाही. वरचे आकडे पुन्हा पाहा. स्थिर उभं राहण्यापासून ताशी २० पर्यंत जवळजवळ तीन अंश गेले. ४० वरून ६० वर गेल्यावर एकच गेला. तो ऊबदार थर एकदा उडाला की उडाला, त्यानंतर वेग वाढवून आणखी फारसं काही जात नाही. उलट हळू चालवलं तर वाऱ्यात जास्त वेळ राहावं लागतं. वेग कमी करायला बधिर बोटं, धुकं, ओला रस्ता अशी दुसरी चांगली कारणं आहेत. थंडी हे त्यातलं सगळ्यात कमजोर कारण.

बोटंच आधी का जातात?

शरीराचं पहिलं काम मेंदू, हृदय, फुप्फुसं ऊबदार ठेवणं. उष्णता कमी पडायला लागली की हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे गरम रक्त बाहेरच्या टोकांना जाऊन थंड होऊन परत यायला नको. बोटांत स्वतःची ऊब तयार करतील असे स्नायू जवळपास नाहीतच. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात, बोटांत फक्त त्यांच्या दोऱ्या पोचतात. त्यात बोटं बारीक, म्हणजे आकाराच्या मानाने त्वचा जास्त. आणि गाडीवर ती सगळ्यात पुढे, वाऱ्याच्या तोंडावर, वर ॲल्युमिनियमच्या गार लिव्हरला चिकटलेली.

बोटांच्या त्वचेचं तापमान १५ अंशांच्या आसपास आलं की त्यांची चपळाई घटते. सांध्यांतलं वंगण दाट होतं, नसांतून संदेश हळू जातात. तुम्ही ब्रेक दाबता, पण किती दाबला हे बोट नीट सांगत नाही. मग एक तर ब्रेक उशिरा आणि कमी लागतो, नाहीतर घाबरून एकदम करकचून. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे साडेपाच मीटर, सकाळच्या सिंहगड रोडवर पुढची रिक्षा तेवढी लांब क्वचितच असते.

थंडीत दुचाकी चालवण्यातला खरा धोका मला हाच वाटतो. सर्दी, खोकला, कान दुखणं या तक्रारी रास्त आहेत, पण त्या दुसऱ्या दिवशीच्या. बधिर बोट आत्ताच्या सिग्नलला नडतं.

सिग्नलला थांबल्यावर इंजिनवर हात शेकणारे रोज दिसतात. त्यात अडचण अशी की बधिर बोटाला चटकाही उशिरा कळतो. सायलेन्सरच्या जवळ तर हात नेऊच नये. मुठी आवळून सोडा, हात काखेत धरा, किंवा खांद्यापासून दोन्ही हात झटका, म्हणजे रक्त बोटांकडे जाईल. ऑफिसात पोचल्यावर नळाच्या कढत पाण्याखाली हात धरू नका, कोमट पुरे. रक्त परत येताना मुंग्या येतात आणि दुखतं, ते साहजिक आहे.

स्वेटरवर स्वेटर घातला तरी थंडी का वाजते?

कारण लोकर ऊब धरते, वारा अडवत नाही. लोकरीच्या विणीत हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवाच ऊब देते. घरात हे झकास चालतं. गाडीवर वारा विणीतून आरपार जातो आणि आतली हवा घेऊन जातो. आजीने विणलेला स्वेटर कितीही जाड असला तरी गाडीवर तो एकटा पुरत नाही.

म्हणून आधी वारा अडवायचा, मग ऊब धरायची. आत स्वेटर, त्याच्यावर वारा न शिरणारं काहीही. नवं जर्किन घ्यायलाच हवं असं नाही. पावसाळ्यात घातलेला आणि आता कपाटाच्या वर पडलेला रेनकोटचा शर्ट स्वेटरवर चढवा. दिसायला बरं नाही, पण दोन हजारांच्या फॅशनेबल जॅकेटपेक्षा गाडीवर हा जास्त कामाचा. विंडचीटर असेल तर उत्तमच. छातीवर वर्तमानपत्राची घडी घालायची जुनी युक्ती हेच काम करते, कागद वारा अडवतो आणि घड्यांत हवा धरतो. रेनकोटमध्ये घाम साचतो ही तक्रार बरोबर आहे. ओले कपडे अंगातली उष्णता आणखी नेतात. म्हणून पोचल्यावर तो लगेच काढायचा आणि लांबच्या प्रवासात चेन थोडी खाली ठेवायची.

वारा नेहमी फटीतून आत येतो, म्हणजे गळा, मनगट आणि कंबर. गळ्याभोवतीचा मफलर जेवढं काम करतो तेवढं दुसरा स्वेटर करत नाही. पुण्यातल्या मुली बारा महिने जो स्कार्फ गुंडाळतात त्याची थट्टा बरीच झाली, पण डिसेंबरच्या पहाटे ती पद्धत सरस ठरते. मफलरची टोकं मात्र आत खोचा, मागच्या चाकात अडकता कामा नयेत. हेल्मेटच्या आत जाड कानटोपी नको, हेल्मेट सैल बसतं. पातळ कापड घाला.

हातमोज्यांनाही हाच नियम. लोकरीचे मोजे वारा आत सोडतात आणि मुठीवर घसरतात. बाहेरून वारा न शिरणारं कापड किंवा चामडं हवं, आत पातळ अस्तर. घट्ट बसणारे घेऊ नका, बोटातलं रक्त अडलं की ऊब कुठून येणार? ‘मोज्यांमुळे ब्रेक जाणवत नाही’ असं बरेचजण म्हणतात. खरं आहे थोडं. पण जाड मोजा आणि बधिर बोट यांतून निवडायचं तर मोजा बरा. घेताना दुकानाबाहेर स्वतःच्या गाडीवर बसून इंडिकेटर दाबून आणि क्लच ओढून पाहा.

स्कूटरवर पुढे उभं असलेलं पोर

स्कूटरला एक फायदा आहे, पुढचा पत्रा गुडघे आणि नडग्या झाकतो. मोटारसायकलवाल्याला तो नाही. मागे बसणाऱ्याला तर चालवणाऱ्याच्या पाठीचा आडोसा मिळतो. पण त्या पत्र्याच्या मागे, आईच्या किंवा बाबांच्या पुढ्यात उभं केलेलं तीन वर्षांचं मूल पाहा. त्याचं डोकं आणि छाती पत्र्याच्या वर येते. गाडीवरचा सगळा वारा तेच खातं आणि मागच्या मोठ्या माणसाला आडोसा देतं.

लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त असते, म्हणून ते लवकर गार होतं. हात बधिर झाले हे त्याला नीट सांगताही येत नाही, ते फक्त गप्प होतं. आपल्याला थंडी वाजत नाही म्हणजे त्यालाही वाजत नसेल, हा हिशेब इथे साफ चुकतो. त्याला मागे बसवा. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमानुसार चार वर्षांपर्यंतचं मूल मागे असेल तर वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही, मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेटही हवं. हा नियम अपघातासाठी केलेला आहे, पण मूल मागे गेलं की थंडीचाही प्रश्न आपोआप सुटतो.

हेल्मेटची काच धूसर का होते?

श्वास ऊबदार आणि दमट, काच गार. दमट हवा गार काचेला लागली की त्यातलं पाणी बारीक थेंबांच्या रूपात काचेवर बसतं. चष्मा असेल तर दुप्पट त्रास. काच बोटभर उघडी ठेवली की आतली दमट हवा निघून जाते. नाकावरचा स्कार्फ हनुवटीपर्यंत खाली घेतला तरी फरक पडतो, कारण नाकावरचं कापड श्वास थेट वर काचेकडे ढकलतं. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब काचेच्या आतून चोळून मऊ फडक्याने पुसून काढला तर थेंब न बनता पाण्याचा सपाट पापुद्रा बनतो आणि पलीकडचं दिसतं. दोन-तीन दिवस टिकतं.

सोलापूर रोडने सकाळी हडपसरच्या पुढे जाणाऱ्यांना आणखी एक त्रास, हिवाळ्याचा खालून येणारा सूर्य सरळ डोळ्यांत. धूसर काच आणि समोरचं ऊन एकत्र आलं की पुढचा ट्रॅक्टर दिसत नाही.

आणि गाडीला थंडी वाजते का?

गाडीला विंड चिल नसतं. उभी गाडी रात्रभरात हवेइतकी गार होते, वाऱ्यामुळे त्याखाली जात नाही. वाऱ्यात लावली तर लवकर गार होते, एवढंच.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टायरमधली हवा. गार झाली की हवा आकसते. दुपारी ३० अंशांत मागच्या चाकात २९ पीएसआय भरली असेल, तर पहाटे १० अंशांत ती २६ च्या आसपास भरेल. गाडी तिरपी घेताना ती जड आणि लडबडणारी वाटते ती बऱ्याचदा यामुळे. कंपनीने सांगितलेला आकडा गार टायरचा असतो, म्हणून हवा सकाळीच तपासावी, आणि तीही घराजवळच्या पंपावर. पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये टायरची पकडही थोडी कमी असते. त्यात दवाने ओलसर झालेली धूळ, झेब्रा पट्ट्यांचा रंग, ड्रेनेजची लोखंडी झाकणं आणि उड्डाणपुलांवरचे पत्र्याचे सांधे यांवर ब्रेक जपून.

बॅटरी १० अंशांना साधारण दहावा हिस्सा कमी ताकद देते. नव्या बॅटरीला ते कळतही नाही. तीन-चार वर्षांची थकलेली बॅटरी मात्र डिसेंबरातच हात टेकते आणि आपण थंडीला बोल लावतो. इलेक्ट्रिक स्कूटर पहाटे एका चार्जिंगमध्ये जरा कमी पळते, पुण्याच्या थंडीत ही तूट किरकोळ.

इंजिन ऑइलची चिंता नको. डब्यावर २०डब्ल्यू-५० असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांना घेतात. पुण्याचे १० अंश त्याच्या गावीही नसतात.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक ओढावा लागतो, कारण गार हवेत पेट्रोलची वाफ कमी होते आणि पेटायला जास्त पेट्रोल लागतं. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं, आणि त्यानंतरच्या जवळपास सगळ्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असल्याने तापमान ओळखून हे काम गाडी स्वतः करते. दोन्ही प्रकारांत गाडी जागेवर दहा मिनिटं घुरघुरत ठेवायची गरज नाही. अर्धा-एक मिनिट पुरे, मग सावकाश निघा. चालत्या गाडीचं इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापतं. सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये चालू ठेवलेली गाडी विषारी धूर तेवढा साठवते, आणि पहिल्या मजल्यावरचे काका उठतात ते वेगळंच.

थोडी घेतली तर ऊब येते ना?

वाटते. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, गरम रक्त वर येतं, अंग तापल्यासारखं वाटतं, आणि नेमकी तीच उष्णता वारा नेतो. शरीराने मघाशी जे दार लावून घेतलं होतं ते दारू उघडून देते. गाडीवर दारू पिऊन बसू नये हे सांगायला थंडीची गरज नाही, पण सिंहगडाच्या पहाटेच्या फेरीला ‘औषधापुरती’ म्हणून निघणारे आहेत म्हणून लिहिलं.

कुणी जास्त जपावं?

मधुमेहाने हातापायांची संवेदना आधीच कमी झालेल्यांना बोटं बधिर झाल्याचं उशिरा कळतं, इंजिनचा चटकाही. थंडीत बोटं पांढरीफटक पडून मग निळसर-लाल होत असतील, तर तो रक्तवाहिन्या प्रमाणाबाहेर आवळण्याचा त्रास असू शकतो, एकदा डॉक्टरांना दाखवावं. थंडीने रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी छाती आणि गळा उघडा ठेवू नये. दमेकऱ्यांना गार कोरडी हवा झोंबते, शिवाय वारा पडलेल्या पहाटे शेकोट्यांचा आणि वाहनांचा धूर जमिनीलगतच कोंडून राहतो. शक्य असेल त्यांनी तासभर उशिरा, साडेआठ-नऊला निघावं. तोवर पारा दोन-चार अंश चढलेला असतो आणि रस्त्यावरचं दव सुकलेलं असतं. पाळीच्या वेळा ज्यांच्या हातात नाहीत त्यांनी निदान हातमोजे रात्रीच हेल्मेटमध्ये टाकून ठेवावेत, सकाळच्या घाईत नेमके तेच घरी राहतात.